बागेत टांगलेली रिकव्हरी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लगेच सांगतो, माझ्या मामीचे. लोकांना वाटतं, मी आईवडिलांचं किंवा एखाद्या गुरुजींचं नाव घेईन. आईवडिलांनी मला वाढवलं आणि गुरुजींनी मारलं, त्याबद्दल मी सगळ्यांचा आभारी आहे. पण मला पदवीधर केलं ते मामीने.

वणीच्या शाळेतून मी बारावी झालो तेव्हा घरच्यांच्या मते माझं शिक्षण पूर्ण झालं होतं. आमच्या घराण्यात त्याच्यापुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे काही असतं याचा पुरावा नव्हता. मामी त्या दिवसांत सप्तशृंगीच्या दर्शनाला आली होती आणि परतताना आमच्याकडे उतरली. चहा पिता पिता ती आईला म्हणाली, "याला आमच्याकडं पाठवून द्या. पिंपळगावहून नाशिकला सारख्या गाड्या आहेत. जाईल-येईल." मामांना तिने विचारलेलं नव्हतं. मी ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा मामांना ते कळलं.

तीन वर्षं त्यांच्याकडे राहून मी बी.कॉम. केलं. बागेच्या औषधांच्या खोलीत, गंधकाच्या गोण्यांना टेकून अभ्यास केला. आजही गंधकाचा वास आला की मला ताळेबंद आठवतो. मामी सकाळी डबा द्यायची आणि संध्याकाळी विचारायची, "आज काय शिकवलं?" मला वाटायचं, पोरगा कॉलेजात जातो की टॉकीजमध्ये, हे ती तपासते आहे. मामी स्वतः दहावी पास होती आणि निकालाच्या आधीच तिचं लग्न झालं होतं. ती माझ्याकडून कॉलेज ऐकून घेत होती, हे मला फार उशिरा उमगलं.

पुढे मला नाशिकला एका ऑफिसात नोकरी लागली. तिथे गरज म्हणून मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. त्याचं सर्टिफिकेट मामीने मागून घेतलं आणि फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. त्या फ्रेममुळे सगळ्या नातेवाइकांत मी कॉम्प्युटर इंजिनिअर झालो. बी.कॉम. झालेल्या माणसाचा आणि मशीनच्या पोटाचा काही संबंध नसतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. आमच्या भागातली द्राक्षं परदेशी जाऊ लागली होती आणि त्यांच्या मागोमाग घरोघर कॉम्प्युटर येऊ लागले होते. मामांच्या शेजारच्या बागायतदाराने द्राक्षं निवडून खोक्यांत भरायचं पॅकहाउस काढलं आणि त्यात कॉम्प्युटर ठेवला. मामांकडे पॅकहाउस नव्हतं, पण म्हणून कॉम्प्युटर नसावा असं कुठे आहे? मामांनी मला सोबत घेऊन नाशिकच्या एका दुकानातून कॉम्प्युटर आणला.

दुकानातल्या इंजिनिअरने आम्हाला समोर बसवून मशीनचं सगळ्यांत मोठं वैशिष्ट्य सांगितलं. "यात दोन कप्पे आहेत. सी तुमचा. डी कंपनीचा. कंपनीने सगळं सामान डीमध्ये भरून ठेवलंय. मशीन बिघडलं की चालू करताना एक बटण दाबायचं, मशीन कारखान्यातून आल्यासारखं कोरं. त्याला रिकव्हरी म्हणतात."

"आणि डीच बिघडला तर?" मामांनी विचारलं.

"म्हणून पहिल्या दिवशीच डिस्क बनवून घ्यायच्या. मशीन स्वतःच बनवून देतं. पण एकदाच. दुसऱ्यांदा मागितल्या तर देत नाही."

मामांना हे फार आवडलं. घरी येईपर्यंत टेम्पोत ते म्हणत होते, "विम्यावर विमा दिलाय बघ लेकाच्यांनी."

डिस्क बनवण्याचा कार्यक्रम मी पार पाडला. गल्लीतली माणसं पाहायला आली होती. मशीन घुर्र घुर्र करायचं, एक डिस्क बाहेर द्यायचं आणि दुसरी मागायचं. प्रत्येक डिस्क बाहेर आली की मामा "झाली" म्हणायचे आणि मंडळी माना हलवायची. तीन डिस्क झाल्या. मी त्यांच्यावर मार्करने रिकव्हरी १, रिकव्हरी २, रिकव्हरी ३ असं लिहिलं आणि त्या जपून ठेवायला सांगितल्या. माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, यांना सगळे आबा म्हणतात. जपून ठेवायच्या वस्तूंची आबांच्या घरी एकच जागा होती. त्यांनी तिन्ही तबकड्या देवघरात, देवीच्या टाकामागे उभ्या केल्या. दसऱ्याला ट्रॅक्टर, फवारणीचा पंप आणि छाटणीच्या कात्र्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली, तेव्हा तबकड्यांनाही झेंडूचं एकेक फूल मिळालं.

त्यानंतर मामांनी कॉम्प्युटरवर केलेलं काम म्हणजे पाहुणे आले की प्लास्टिकचं कव्हर काढून तो चालू करणं, धाकट्या चुलतभावाच्या साखरपुड्याचं शूटिंग दाखवणं आणि कव्हर पुन्हा घालणं. मशीन मध्येच काहीतरी इंग्रजीत विचारायचं. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुठल्या चौकोनावर 'यस' असतं हे त्यांना पाठ झालं होतं. लग्नापासून मामीच्या एकाही प्रश्नाला मामांनी पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं मी ऐकलं नाही. मशीनच्या प्रत्येक प्रश्नाला मात्र ते लगेच हो म्हणायचे.

दुपारी मामा झोपले की मशीन मामीचं असायचं. मला नोकरी लागल्यावर तिने बाहेरून बारावीचा फॉर्म भरला होता आणि पास झाल्यावर बाहेरून बी.ए.चा. मामा त्याला "हिचं कॉलेज" म्हणायचे आणि हसायचे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प लिहून द्यायचा होता. मामीने विषय घेतला तो बागेत कामाला येणाऱ्या बायकांचा. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडून ही कुटुंबं येतात, बांधावर पालं टाकतात, घडांची विरळणी करतात, एकेक घड औषधात बुडवून काढतात आणि शिमग्याला डोंगरात परत जातात. आमच्या भागातली द्राक्षं त्यांच्या हातांनी मोठी होतात, आणि त्या बायकांची नावं कोणाला माहीत नसतात. मामी त्यांच्याबरोबर पालात बसायची. घरी भात किती होतो, नागली किती, पोरं इथे आली की तिकडच्या शाळेचं काय होतं, औषधाने हाताची कातडी कशी निघते, हे सगळं ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून आणायची आणि एका बोटाने टाइप करायची. टाइप झालं की कागद बंबात. कागदाचा जमाना गेला, एकदा मशीनमध्ये गेलं की ते पक्कं, असं तिला सांगणारा माणूस फ्रेमसकट तिच्या घरात टांगलेला होता.

प्रकल्प सोमवारी नाशिकला नेऊन द्यायचा होता. मामांनी आधीच बजावलं होतं, "हे शेवटचं वर्ष. नापास झालीस तर बास. पुढच्या वर्षी फॉर्म भरायचा नाय." मामी बरं म्हणाली होती, कारण प्रकल्प लिहून तयार होता. फक्त छापायचा होता.

शनिवारी पाहुणे आले. मामांनी साखरपुडा लावला. नवरी अंगठी घालायला हात पुढे करते तिथे भारनियमन सुरू झालं. वीज गेली ती परत आली, मशीन परत आलं नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या चार ओळी येऊन थांबायच्या.

मामांचा मला फोन आला. "लवकर ये. अन् ये तो रिकव्हरी मारायलाच ये." मग फोन मामीने घेतला. ती हळू आवाजात म्हणाली, "माझं सगळं त्यात आहे रे. बाया गेल्या शिमग्याला. परत कोणाला विचारू?"

मी तिला धीर दिला. म्हणालो, "मामी, रिकव्हरी आहे ना. काळजी करू नको." रिकव्हरी या शब्दावर माझा पूर्ण विश्वास होता. गेलेलं परत मिळतं, असा त्याचा अर्थ मी कोर्सच्या जोरावर धरून चाललो होतो.

रविवारी सकाळी मी पिंपळगावला उतरलो. ओसरीवर गर्दी होती. मी खुर्चीवर बसलो, मशीन चालू केलं आणि इंजिनिअरने सांगितलेलं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. तरी नाही.

"डी कप्प्याला काय झालं?" मी विचारलं.

"तो डबा ना? तो मी मागंच साफ केला," मामा म्हणाले. "गच्च भरला होता. लाल पट्टी दाखवायचा सारखा. त्यात आपलं एक काही नव्हतं, सगळं कंपनीचं. साखरपुडा ठेवायला जागा नको का?"

"मशीनने विचारलं नाही का काही?"

"विचारलं की. दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळेला हो म्हणालो."

मी मनातून डगमगलो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. विम्यावर विमा होता. मी डिस्क मागितल्या. मामी देवघरात गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. कपाट पाहिलं, गाद्यांखाली पाहिलं, ट्रॅक्टरच्या अवजारांची पेटी पाहिली. तेवढ्यात आबा बागेतून आले आणि पाणी प्यायला थांबले.

"काय हुडकताय?"

"आबा, देवापाशी तीन चकचकीत तबकड्या होत्या," मी म्हणालो.

"त्या व्हय? बागेत हायत की. लय कामाच्या निघाल्या. एक साळुंकी फिरकत नाय."

ओसरीवरच्या सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांना वाटलं, आपल्याला शाबासकी मिळते आहे. त्यांनी खुलासा केला. द्राक्षात साखर भरली की पाखरं येतात. पॅकहाउसवाल्याने बागेत तबकड्या टांगल्या. ऊन पडलं की त्या लखलखतात आणि पाखरू घाबरतं. "आपल्याकडं तीन नुसत्या बसून होत्या. भोक तर कंपनीनंच पाडून दिलंय. सुतळी ओवली अन् टांगल्या."

आम्ही सगळे बागेत गेलो. मधल्या ओळीत, तारेला बांधलेल्या, माझ्या अक्षरातल्या तीन तबकड्या वाऱ्यावर गरगरत होत्या. रिकव्हरी २ आणि रिकव्हरी ३ पूर्ण उन्हात होत्या, त्यांच्यावर फवारणीचे निळसर ठिपके वाळले होते. रिकव्हरी १ पानांच्या आडोशाला होती, जरा बरी. पाखरं खरोखरच नव्हती. मामी त्या फिरणाऱ्या तबकडीकडे पाहत उभी राहिली आणि तिला हसू आलं. "बघ रे भाच्या," ती म्हणाली, "तुझा विमा."

आबांनी तबकड्या सोडल्या, धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. "काम झालं की परत दे. अजून आठ-दहा दिवस माल हाय बागेत."

घरी येऊन मी पहिली डिस्क मशीनमध्ये घातली. मशीनने खूप वेळ खर्रखर्र केलं. मग पडदा निळा झाला आणि इंग्रजीत मोठा मजकूर आला. मामा टाळी वाजवून म्हणाले, "लागली! आबांची तबकडी लागली!"

मी मजकूर दोनदा वाचला.

"काय लिहिलंय?" मामीने विचारलं. "मराठीत सांग."

"लिहिलंय... पुढे गेलात तर या मशीनमध्ये तुम्ही ठेवलेलं सगळं कायमचं पुसलं जाईल. मशीन कारखान्यातून आलं तेव्हा जसं होतं तसं होईल. पुढे जायचं का?"

"मग हेच तर पाहिजे," मामा म्हणाले. "हो म्हण."

"सगळं म्हणजे?" मामी म्हणाली. "माझंपण?"

"हो."

"अगं, मशीन नवं होतंय. पहिल्या दिवसासारखं," मामा तिला समजावू लागले. "तुझं काय, तू परत लिहशील. दुपारी मोकळीच असतीस."

"पहिल्या दिवशी त्यात होतं काय? तुमचा साखरपुडासुद्धा नव्हता. आणि परत लिहायला बाया कुठून आणू? तुम्ही जाता का सुरगाण्याला आणायला?"

"लोकं काय म्हणतील? पॅकहाउसवाल्याचं मशीन चालतं अन् आपलं बंद!"

"पॅकहाउसवाल्याची बायको बी.ए. आहे का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला ना? तू सांग. काय दाबायचं?"

मी त्या घरचं मीठ खाल्लेलं होतं आणि दोघांच्याही हातचं. माझं बोट बटणावर होतं. तेव्हा आबा कोपऱ्यातून बोलले, "नाय म्हण रे पोरा. होच म्हणायचं असतं तर यंत्रानं इचारलंच कशाला असतं?"

मामीने आमची वाट पाहिली नाही. ती वाकली आणि तिने भिंतीतली पिन ओढून काढली. पडदा विझला.

"अगं अगं, तसं बंद करत नसत्यात!" मामा ओरडले. मशीनच्या बाबतीत त्यांचा तेवढा एकच नियम होता.

सोमवारी सकाळी मशीनचा डबा आम्ही द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवला, चारी बाजूंनी कागदाचे तुकडे भरले आणि मालाच्या टेम्पोत चढवला. मामी क्रेटवर हात ठेवून नाशिकपर्यंत बसली. निर्यातीच्या द्राक्षालाही कोणी इतकं जपलेलं मी पाहिलं नाही.

दुकानातला इंजिनिअर तोच होता. त्याने पडद्यावरच्या चार ओळी पाहिल्या आणि म्हणाला, "काही नाही काकू, रिकव्हरी मारून देतो. संध्याकाळी घेऊन जा."

"ते सोडून दुसरं काय येतं तुम्हाला?" मामी म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली. "आत माझं लिखाण आहे. ते काढून द्या, मग मशीनचं काय करायचं ते करा. तोवर मी उठणार नाही."

दुकानात इतर गिऱ्हाइकं होती. इंजिनिअर आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ही बाई खरंच उठणार नाही. त्याने डबा उघडला, आतली हार्ड डिस्क काढली आणि आपल्या मशीनला जोडली. पडद्यावर मामांच्या घरातली सगळी फोल्डरं दिसली. साखरपुडा, साखरपुडा नवीन, साखरपुडा शेवटचा.

"कुठलं, काकू?"

"मसाला."

त्याने मसाला उघडलं. आत नव्वद पानांची फाइल होती. "यात मसाल्याचं काही नाही," तो गोंधळून म्हणाला.

"नसणारच. मसाला नाव दिलं की आमच्या घरातला एकही पुरुष उघडत नाही."

फाइल उघडली. पहिल्या पानावर बायकांची नावं होती, गावांसकट. मामीने एकेक नाव बोट ठेवून वाचलं. सगळ्या होत्या. मग तिने पदर तोंडाला लावला आणि थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिली.

छपाई होईपर्यंत इंजिनिअरने मी सोबत आणलेली रिकव्हरी २ हातात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरली. तबकडीतून पलीकडची ट्यूबलाइट स्वच्छ दिसत होती. "पहिलीने सगळं पुसलं असतं," तो म्हणाला, "आणि दुसरीत भरायला काही उरलेलंच नाही. म्हणजे जुनंही गेलं असतं आणि नवंही झालं नसतं." मी माझ्या बोटाकडे पाहिलं.

प्रकल्प त्याच दुपारी दिला गेला. पानं तेव्हा अजून कोमट होती. मशीन दुरुस्त होऊन घरी गेलं तेव्हा डी कप्पा पुन्हा गच्च भरलेला होता, आणि मामांनी फोनवर मला पहिला प्रश्न विचारला तो हा, "ती लाल पट्टी परत आली रे. साफ करू का?"

निकाल लागला तेव्हा मी मामीला पत्र लिहिलं. फोन होता, पण फोन नेहमी मामा उचलायचे. ते पत्र असं:

ती. सौ. मामीस,
साष्टांग नमस्कार.

तू बी.ए. झालीस, हे मामांनी मला फोनवर सांगितलं. "आमच्या कॉम्प्युटरवरच झाली" असं ते म्हणाले. पॅकहाउसवाल्यांनाही त्यांनी हेच सांगितल्याचं कळलं. म्हणू दे त्यांना.

सोबत चार डिस्क पाठवत आहे. तीन डिस्कवर तुझा प्रकल्प आहे, तिन्हीवर एकच. एक तुझ्याकडे ठेव, एक आईकडे वणीला पाठव, एक देवघरात ठेवलीस तरी चालेल. चौथी कोरी आहे. ती आबांसाठी. तिच्यावर मी मोठ्या अक्षरात 'बाग' लिहिलं आहे.

टीव्हीवरची ती फ्रेम आता काढ, ही माझी विनंती आहे. त्या खिळ्याला तुझं प्रमाणपत्र लावायचं. माझं औषधांच्या खोलीत लाव, गोण्यांच्या वर. ते तिथलंच आहे.

मी कॉलेजातून आलो की तू विचारायचीस, आज काय शिकवलं. तीन वर्षं मी कंटाळून उत्तर दिलं. परवा तुझा प्रकल्प शेवटपर्यंत वाचला. तुझ्या दारात इतकी वर्षं त्या बायका येत होत्या, मी त्यांच्या हातचं पाणी प्यायलो होतो, आणि त्यांतल्या एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. आता सगळ्यांची नावं माहीत आहेत. म्हणजे अजूनही तूच मला शिकवते आहेस.

दिवाळीनंतर त्या परत येतील. तेव्हा पालात बसून त्यांना हे वाचून दाखवशील, असं मामा म्हणाले. त्या दिवशी मला बोलव. मी रजा काढून येईन. मशीनला हात लावणार नाही.

तुझा भाचा